दादाला आवडलेली कादंबरी

कादंबरी छापून आली तेव्हा दादाला प्रत पाठवायची की नाही, यावर मी बरेच दिवस घोळ घातला. तेवढ्यात पारनेरच्या बाजारात त्याला कुणीतरी सांगितलं, तुमच्या बहिणीनं तुमच्यावर पुस्तक लिहिलंय. त्याने त्याच दिवशी माणूस नगरला पाठवून पुस्तक मागवून घेतलं. हे मला कळलं ते वहिनीच्या फोनवरून. "वाचत्यात," एवढंच ती हळू आवाजात म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

पुढचे काही दिवस कोल्हारच्या आमच्या घरात मी फोन वाजला की दचकत होते. मी लिहायला घेतलं तेव्हाच नवऱ्याने सांगितलं होतं की असलं लिहिलंस तर माहेर तुटेल, पुन्हा विचार कर. तेव्हा मी त्याच्याशी भांडले होते. आता तो काही बोलत नव्हता, आणि त्याच्या न बोलण्याचाच मला जास्त त्रास होत होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आई-वडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे तोच. पारनेर तालुक्यातल्या कोरड्या पट्ट्यात आमचं गाव. शेती पावसावरची, त्यामुळे घरोघरी गाई, आणि घरोघरचं दूध ज्या संस्थेत जातं तिचा दादा कित्येक वर्षं चेअरमन. सरपंच बदलत, ग्रामसेवक बदलत, दादा तिथेच. तो कधी कुणावर हात उचलायचा नाही, आवाज चढवायचा नाही. दारू नाही, तंबाखू नाही. लोक त्याला देवमाणूस म्हणत आणि म्हणताना आजूबाजूला कोण आहे ते बघून घेत.

त्याची रीत वेगळी होती. कामासाठी कुणी आलं की दादा आधी त्याच्या घरच्यांची चौकशी करायचा. म्हातारीचे गुडघे कसे आहेत, पोराचं कुठे काही जमलं का. मग मध्येच दुसऱ्या कुणाशी बोलायला लागायचा. आलेला माणूस उभाच. संस्थेच्या खोलीत खुर्ची एकच होती आणि ती दादाची होती. बायका तर उंबऱ्याच्या आत यायच्याच नाहीत. बऱ्याच वेळाने तो मान वर करून म्हणायचा, "आरं, तू हायेस व्हय अजून?" आणि मग काम करून द्यायचा. काम तो बहुतेकांचं करायचाच, त्यामुळे तक्रार कशाची करायची हे कुणालाच सांगता यायचं नाही.

घरातही तेच चालायचं. त्याला भाकरी तव्यावरचीच लागायची, म्हणून तो येईपर्यंत वहिनी चूल पेटती ठेवून बसायची. गॅस आला तरी बसणं गेलं नाही. पोरं भुकेने रडवेली होऊन झोपायची, आधी त्यांना वाढलं तर दादा रागवायचा नाही, फक्त त्या दिवशी जेवायचा नाही. मग वहिनीही जेवायची नाही. दुसऱ्या दिवशी पोरं आपणहूनच थांबायची.

हे सगळं मी लहानपणापासून बघत होते आणि त्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं, हे खरं आहे. लिहावंसं वाटलं ते एका भाऊबीजेला.

शेजारच्या वस्तीवर दादाच्याच वयाचा एक शेतकरी राहायचा. दोघे शाळेत एका बाकावर होते. संस्थेच्या वार्षिक सभेत त्याने उठून विचारलं की दुधाची फॅट मोजायचं यंत्र आतल्या खोलीत कशाला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवा की. दादा हसून म्हणाला, ठेवू. त्यानंतर त्या माणसाच्या दुधाची फॅट रोज कमी लागायला लागली, म्हणजे भावही कमी. कधी दूध फाटलंय म्हणून परत यायचं. तो शेजारच्या गावच्या संस्थेत दूध घेऊन जायला लागला, पण थोड्याच दिवसांत तिथेही नको म्हणाले. नांगरटीला त्याच्याकडे ट्रॅक्टर सगळ्यात शेवटी जायचा. लग्नाच्या पत्रिका त्याच्या घराला टाळून पुढे जायच्या. दादाने यातलं काहीही सांगितलेलं कुणी ऐकलं नव्हतं. सांगावं लागतच नव्हतं.

त्या भाऊबीजेला सकाळी मी ओवाळणीचं ताट घेऊन उभी होते. दादा पाटावर बसणार, एवढ्यात तो माणूस बायकोला घेऊन अंगणात आला. टोपी काढून हातात घेतली होती. तो म्हणाला, "चुकलं माजं," आणि दादाच्या पायाशी वाकला. दादाने त्याला वरच्यावर धरलं. छातीशी कवटाळलं. एका बाकावरची माणसं आपण, असं काय करतो, म्हणाला. त्याला खाटेवर शेजारी बसवलं, चहा मागवला आणि कप स्वतःच्या हाताने त्याच्या हातात दिला. त्याची बायको दाराशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

मी दादाच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, जिंकल्याचा ताठा नव्हता. सणाचं पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखा तो निवांत दिसत होता. त्याला त्या माणसाबद्दल खरोखर माया वाटत होती. मला त्या मायेचीच भीती वाटली. ते दोघे गेल्यावर दादा पाटावर बसला, मी ओवाळलं, त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्या काळात मी प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते. शिकवून शिकवून एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. कादंबरी कुठलीही असो, तिच्यात दुसऱ्यांना मुठीत ठेवणारा एखादा माणूस असला की सगळा वर्ग त्याच्याकडे झुकायचा. राजा असो, पाटील असो, कारखान्याचा मालक असो, नाहीतर घरादाराला धाकात ठेवणारी सासू असो. मी फळ्यावर लिहायची, लेखकाने सत्तेच्या लालसेवर टीका केली आहे. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची आणि बाहेर व्हरांड्यात त्याच माणसाचे संवाद त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायची. चिरडल्या गेलेल्या माणसाची नक्कल करताना मी एकाही विद्यार्थ्याला पाहिलं नाही. मला वाटायचं, लिहिणाऱ्यांचं कुठेतरी चुकत असणार. त्यांनी त्या माणसाला नको इतका देखणा केला असणार. मी लिहीन तेव्हा तसं करणार नाही.

मग मी लिहिलं. पहाटे उठून, कॉलेजला जायच्या आधी, काही वर्षं. पारनेरऐवजी दुसरा तालुका केला, दुधाच्या जागी पाण्याची योजना घातली. पण उभं ठेवणं, चौकशी करणं, भाकरीसाठी ताटकळवणं आणि ती भाऊबीज, हे सगळं जसंच्या तसं आलं. शेवटी मी गोष्टीतल्या त्या पुढाऱ्याला निवडणुकीत हरवलं. रिकाम्या खोलीत तो एकटा बसून रडतो, तिथे कादंबरी संपवली. पुण्याच्या प्रकाशकाने ती काढली.

आणि दादा ती वाचत होता.

त्याचा फोन आला तेव्हा मी दारात भाजी निवडत बसले होते. "मास्तरीणबाई," तो म्हणाला. मी मॅट्रिक झाले तेव्हापासून तो मला खुशीत असला की असंच म्हणतो. "लई भारी लिवलंय. मी दोनदा वाचलं."

मी विचारलं, राग नाही ना आला. तो हसायला लागला. राग कशाचा, म्हणाला, आपल्या घरातल्या पोरीनं घराण्याचं नाव छापून आणलं. गावातल्या सगळ्यांना त्याने वाचायला लावलं होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी संध्याकाळी संस्थेच्या दारात एका शिक्षकाला मोठ्याने वाचायला बसवलं होतं. त्याची तक्रार एकच होती.

"त्यो रडतो ते पटलं न्हाई. असला मानूस रडत नसतो. फुडच्या टायमाला छापताना तेवढं काढून टाक."

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, चला, माहेर तर राहिलं. मी हो म्हणाले. खरं तर मला त्या क्षणी फार थकल्यासारखं झालं. तो चिडला असता, त्याने मला दार बंद केलं असतं, तर मी रडले असते, पण मी जे लिहिलं ते त्याला लागलं एवढं तरी समाधान मिळालं असतं.

महिनाभरात दादाने गावात माझा सत्कार ठेवला. शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. मांडवाच्या कमानीवर माझ्या कादंबरीतलं त्या माणसाच्या तोंडचं एक वाक्य मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. 'माणूस थांबला की तो आपला होतो.' हे वाक्य मी वाचणाऱ्याला किळस यावी म्हणून लिहिलं होतं. त्याच्या खाली दादाचा हात जोडलेला फोटो होता.

भाषणं झाली. बोलणाऱ्या प्रत्येकाने कादंबरीचं कौतुक केलं, म्हणजे दादाचं केलं. मी तयारी करून गेले होते की आज उभं राहून सांगायचं, हे पुस्तक कौतुकाचं नाही. माझी पाळी यायच्या आधी दादा स्वतः माईकजवळ गेला. ताईला शाल आपण नाही घालायची, म्हणाला, ज्याचा खरा मान आहे त्याने घालायची. आणि त्याने गर्दीतून वस्तीवरच्या त्या शेतकऱ्याला हाक मारली.

तो सगळ्यात मागे उभा होता. लोकांनी त्याला वाट करून दिली. तो स्टेजवर चढला तेव्हा दादाने त्याच्या खांद्यावर हात टाकून गावाला सांगितलं, "वळखलं का? पुस्तकातला पाया पडनारा ह्योच."

लोक हसले. तोही हसला, गर्दीला हात जोडले. मग त्याने माझ्या अंगावर शाल घातली. घालताना माझ्याकडे पाहिलं नाही. शाल खांद्यावर नीट बसेना, म्हणून त्याने ती पुन्हा उचलून घातली. आतापर्यंत त्याचं ते वाकणं आमच्या अंगणातल्या चार-पाच जणांनी पाहिलेलं होतं. आता सगळ्या गावाला ते माहीत होतं आणि ते मीच लिहून दिलं होतं.

मी माईकपुढे उभी राहिले आणि आभार मानून खाली बसले. ठरवलेलं काहीच बोलले नाही. कुणाला सांगणार होते? तो मांडवच दादाचा होता.

दुपारी जेवणं उरकली. पुरुषमंडळी बाहेर बसली होती. मी स्वयंपाकघरात वहिनीजवळ जाऊन बसले. ती भांडी आवरत होती. सातवीपर्यंत शिकलेली, वर्तमानपत्र रोज वाचणारी बाई. मी तिला विचारलं नाही, पण माझ्या मनात होतं की निदान ही तरी काही म्हणेल. या बाईचं सगळं आयुष्य त्या पुस्तकात होतं, चूल होती, ताटकळणं होतं, उपाशी झोपणं होतं.

तिने एक पातेलं पुसून फळीवर ठेवलं. मग भांड्यांकडेच बघत म्हणाली, "वन्सं, तुमी मला मारलं का वो?"

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. कादंबरीच्या मध्यावर त्या माणसाची बायको तापाने मरते. एका पानात. त्याला एकटा पाडायचा होता, निवडणुकीच्या धामधुमीत घरात कुणी नको होतं, म्हणून मी तिला बाजूला केलं होतं. ते पान लिहायला मला फार वेळही लागला नव्हता.

मी तिला समजावलं की ती तुम्ही नाही, गोष्टीतली बाई आहे, गोष्टीला तशी गरज होती.

"गरज हुती," ती म्हणाली. "ह्ये बी तसंच म्हनत्यात. कुनाचं काय केलं की म्हनत्यात, गरज हुती." तिच्या आवाजात राग नव्हता. शेजारणी तिला विहिरीवर म्हणाल्या होत्या की तू तर पुस्तकात मेलीस, आता तुझं तेरावं कधी. त्या चेष्टेत म्हणाल्या होत्या, पण तिला ती चेष्टा सहन झाली नव्हती. तिने मला विचारलं की दुसऱ्या वेळी छापतील तेव्हा तिला जिवंत करता येईल का. नुसती घरात असली तरी चालेल, म्हणाली, बोलायला नको.

मी बघते म्हणाले. त्या संध्याकाळी कोल्हारला परत येताना बसमध्ये माझ्या मांडीवर ती शाल होती, आणि मला झोप येत होती आणि येतही नव्हती. नगरला गाडी बदलताना शाल बाकावर राहिली असती तर बरं, असं वाटत होतं. एका बाईने मागून हाक मारून ती आणून दिली.

पुढे कादंबरी चालली. तिच्या आवृत्त्या निघाल्या. प्रकाशकाने विचारलं काही बदल आहेत का, तर मी नाही म्हणाले. दादाचं ऐकून रडणं काढायचं नव्हतं, आणि वहिनीचं ऐकून तिला जिवंत करायला बसले तर सगळी गोष्ट पुन्हा लिहावी लागली असती. तेवढी ताकद माझ्यात नव्हती. वर्गातल्या मुलांनी ती वाचली. ती मुलं मोबाईलवर स्टेटसला तेच वाक्य लावायची, खाली सिंहाचं चित्र. मी एकदा एका मुलाला विचारलं, हे वाक्य तुला चांगलं वाटतं का. तो गोंधळला. मॅडम, तुमचंच आहे ना, म्हणाला.

शेजारच्या तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा निरोप आला की माझ्या वडिलांवरही असंच एक पुस्तक लिहा, माणसं किती झुकायची त्यांच्यापुढे ते सगळं सांगतो. मी तब्येतीचं कारण सांगितलं.

आमच्या चुलतभावाचा एक मुलगा होता. तिशीतला, हुशार, बोलायला गोड. दादानेच त्याला हाताशी धरून संस्थेत आणलं होतं. सत्काराच्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन म्हणाला होता, "आत्या, माजं तर पुस्तक पाठ झालंय." मी कौतुकाचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं. संस्थेच्या पुढच्या निवडणुकीत तो दादाच्या विरोधात उभा राहिला. महिनोन्‌महिने तो घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची आणि पोरांच्या नोकरीची चौकशी करत होता. दादाला वाटत होतं, आपल्यासाठीच फिरतोय. निकाल लागला तेव्हा दादा स्वतः पडला, त्याच्या बाजूचं कुणीच निवडून आलं नाही आणि पुतण्या चेअरमन झाला.

तेव्हा मी कॉलेजातून निवृत्त झाले होते. दादाचा फोन आला. मला वाटलं होतं तो चिडलेला असेल, पण त्याचा आवाज नुसता खाली गेलेला होता. गाईच्या औषधाचं काहीतरी काम होतं म्हणून तो संस्थेत गेला होता. पुतण्याने उठून नमस्कार केला, काका तब्येत कशी म्हणाला, काकूंची चौकशी केली. मग फोनवर बोलायला लागला आणि बोलतच राहिला.

"मला उभं ठिवलं," दादा म्हणाला. "तुझ्या पुस्तकातलं जसंच्या तसं."

माझ्या तोंडाशी आलं होतं की ते पुस्तकातलं नाही, तुझं आहे. पण मी बोलले नाही. बोलून काय होणार होतं? त्याला ते खरोखर माझ्या पुस्तकातलं वाटत होतं. स्वतः केलेलं त्याने कधी बाहेरून पाहिलंच नव्हतं. आणि त्याला उभं ठेवलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, तोही होत नव्हता. म्हातारा माणूस, गुडघे धरलेले, भर दुपारी उन्हातून चालत गेलेला.

मग तो म्हणाला, "फुडचा भाग लिव्ह. त्यात ह्याला पाड."

मी त्याला सांगितलं की दादा, मी आता काही लिहीत नाही. त्याला ते पटलं नाही. त्याने आणखी दोन-तीनदा फोन केले, पुतण्याला कसा पाडायचा ते मला सविस्तर सांगितलं. सांगताना त्याच्या आवाजात जीव यायचा. मी ऐकून घ्यायची.

बाहेरचं सगळं गेल्यावर दादाजवळ घर उरलं. मुलं पुण्याला, घरात दोघंच. वहिनी मध्येच कधीतरी फोनवर बोलता बोलता सांगायची. आता त्याला ती दुसऱ्या खोलीत गेलेलीही चालत नव्हती. शेजारणीशी अंगणात बोलत उभी राहिली तर तो आतून हाक मारायचा, आणि ती गेली की काहीच काम नसायचं. नुसतं, कुठे होतीस. चहा तीन वेळा परत करायचा, एकदा साखर जास्त, एकदा गार, एकदा नको.

गेल्या हिवाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. दवाखाना आमच्या बाजूला होता, म्हणून नंतर आरामाला ती कोल्हारला माझ्याकडे राहिली. एवढे दिवस ती घरापासून लांब कधी राहिली नव्हती. सुरुवातीला ती जेवायला बसेना, माझ्या नवऱ्याचं जेवण होईपर्यंत भिंतीला टेकून थांबायची. नवरा बिचारा लवकर लवकर जेवायला लागला. मग एक दिवस त्याला बाहेर उशीर झाला आणि आम्ही दोघीच आधी जेवलो. ती हळूहळू, चावून चावून जेवली. दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.

दुपारी ती ओट्यावर उन्हात पाय लांब करून बसायची. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जायचे, ते बघायची. मला माहेरच्या गोष्टी सांगायची, तिच्या लहानपणीच्या. तिच्या वडिलांकडे एक घोडी होती आणि ती तिच्यावर बसायला शिकली होती, हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. चांगली पळवायची, म्हणाली. मी तिला विचारलं, दादाला माहीत आहे का. ती म्हणाली, त्यांनी कधी विचारलंच नाही.

ऐकताना माझ्यातली लिहिणारी बाई जागी व्हायची. घोडीचा रंग कोणता, पडला होतात का, वडील काय म्हणाले, असं विचारायचे मी आणि मग लक्षात यायचं की मी वाक्यं जुळवायला लागले आहे. तिथेच थांबायचे. एकदा मार खाल्लेल्या गुरासारखं माझं मन त्या बाजूला जायला नको म्हणायचं. ती बोलायची, मी ऐकायची, एवढंच बरं वाटत होतं.

दादाचे फोन दिवसातून कितीतरी वेळा यायचे. डबा मीठ नसलेला येतो, गाईला चारा कोण टाकणार, बँकेचं पासबुक कुठे ठेवलंय. सुरुवातीला ती प्रत्येक फोनला धडपडत उठायची. नंतर तिने फोन उशीखाली ठेवायला सुरुवात केली. वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. ती ट्रॅक्टर बघत बसायची. मला वाटायला लागलं होतं की ही आता इथेच राहील. मी नवऱ्याशी बोलूनही ठेवलं होतं. मागची खोली रिकामीच होती.

पण पाय बरा झाल्यावर एका सकाळी ती अंघोळ करून, पिशवी भरून बसली. मी म्हणाले, राहा की वहिनी, कसली घाई आहे. वाटलं तर कायमची राहा, तुम्हाला कोण काय म्हणणार.

ती म्हणाली, "त्यास्नी गोळ्या कळत न्हाईत वन्सं. सकाळची रातच्याला घेत्यात."

मी म्हणाले, कळत नाहीत की कळून घेत नाहीत. तिने पदर नीट केला आणि पिशवी उचलली. मला तिचा राग आला आणि लगेच गेला. तिला काय करायला लावायचं हे मी कोण ठरवणार, असंही वाटलं, आणि हिला अडवायला हवं होतं असंही वाटलं. दोन्ही खरंच होतं.

मनमाड रस्त्यावरच्या थांब्यावर मी तिला सोडायला गेले. नगरपर्यंतची गाडी, पुढे पारनेरची. गाडीला गर्दी होती, पण एका मुलीने उठून तिला खिडकीशी जागा दिली. गाडी हलली तेव्हा तिने हात केला आणि कंडक्टरशी काहीतरी बोलायला लागली. ऑपरेशनचं सांगत असावी, कारण तिने गुडघ्यावर हात ठेवलेला मला दिसला.

संध्याकाळी मी फोन लावला. तिनेच उचलला. पोचले, म्हणाली, वाटेत काही त्रास झाला नाही. मागे दादाचा आवाज येत होता, काहीतरी विचारत होता. थांबा जरा, असं ती त्याला म्हणाली, आणि मला सांगायला लागली की गाडीतल्या त्या मुलीच्या आजीचंही तेच ऑपरेशन झालंय, आता ती जिना चढते. दादाने पुन्हा हाक मारली. "ठिवते वन्सं," ती म्हणाली. फोन तिने बंद केला नाही, तसाच स्वयंपाकाच्या ओट्यावर टेकवला असावा. गॅस पेटल्याचा आवाज आला, पातेलं सरकलं, ती दादाला काहीतरी म्हणाली ते नीट ऐकू आलं नाही. मी थोडा वेळ फोन कानाला लावून धरला आणि मग माझ्याकडून बंद केला.